चुलीमागे एक पान

"जगातली सगळी भांडणं एकाच कारणाने होतात," देविदास गुरुजी म्हणाले. "माणसाला प्रकार आणि भाग यांतला फरक कळत नाही."

हे वाक्य काळ्या दगडावर कोरून एखाद्या चौकात उभं करावं, अशा आवाजात ते बोलले. समोरच्या श्रोत्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि गुरुजींच्या खांद्यावरच्या उपरण्याचं टोक तोंडात धरलं.

श्रोता बोकड होता. काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका, शीतळेच्या लिंबाला आखूड दोरीने बांधलेला. शेळ्यांच्या जातीतला तो एक देखणा प्रकार होता आणि दुपारपर्यंत त्याचे भाग होणार होते. म्हणजे गुरुजींच्या विषयाशी त्याच्याइतका जवळचा संबंध त्या माळावर दुसऱ्या कोणाचाच नव्हता. तरी त्याला उपरण्यातच गोडी वाटली. गुरुजींना राग आला नाही. नोकरी संपेपर्यंत त्यांनी ज्या मुलांना शिकवलं, त्यांनीही साधारण असंच लक्ष दिलं होतं.

ओलं टोक पिळून गुरुजींनी उपरणं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ते लिंबाखाली ऐसपैस मांडी घालून बसले. सकाळच्या एसटीने ते आणि जिवनबाई हिंगोलीहून कनेरगाव नाक्यावर उतरले होते. तिथून ऑटो, आणि ऑटोवाल्याने जिथून पुढे यायचं नाकारलं तिथून पायी. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढं सोयाबीन. तांडा दिसायला लागला तशी जिवनबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "तुमी व्हा लिंबाखाली. मी जरा संगिताकडं जाऊन येते." संगिता म्हणजे गुरुजींच्या धाकट्या भावाची, पेमाची, सून. गुरुजींनी मान हलवली. बायकांचं बायकांत काही असतं, अशी त्यांची समजूत होती आणि ती समजूत त्यांना फार सोयीची पडत आली होती.

आषाढातल्या मंगळवारी तांड्यात शीतळेची पूजा असते. लिंबाच्या बुंध्याशी सात पांढरे दगड, त्यांना शेंदूर. समोर जरा अंतरावर एकटा लुंकड्या, तो देवीचा राखणदार. सात जणींना गोड आणि लुंकड्याला बोकड. पूजा झाली की तिथेच माळावर बोकडाचे वाटे पडतात. नाईकाचा मान आधी निघतो. मग पळसाची पानं जमिनीवर ओळीने मांडली जातात, एका चुलीमागे एक पान.

माणसं किती, हे तांडा विचारत नाही. चुली किती, एवढंच विचारतो. पोरगा बापापासून वेगळा निघाला आणि सुनेने तीन दगड मांडून भाकर थापली की त्याचं पान वाढलं. म्हातारी एकटी राहते, तिला एक पान. घरात खाणारी तोंडं दहा असली तरी पान एकच. गुरुजींना या पद्धतीचं फार कौतुक होतं. चूल हा घराचा भाग. पण तांडा मोजायला बसला की चूल म्हणजेच अख्खं घर, आणि अशा सगळ्या घरांचा मिळून तांडा. भागाने अख्ख्याच्या जागी उभं राहायचं, हे पुस्तकात समजावताना त्यांच्या नाकी नऊ यायचे आणि इथे निरक्षर माणसं ते पानांवर मांडून मोकळी व्हायची.

पानावर पडतं ते कच्चं. ते घरी न्यायचं आणि आपल्या चुलीवर शिजवायचं. पाव्हण्याची गोष्ट निराळी. पाव्हण्याला शिजवलेलं मिळतं, तेही सगळ्यांच्या आधी आणि आग्रहाने. कच्चं देऊन तो बिचारा शिजवणार कुठे?

गुरुजींचं पान पेमाच्या पानानंतर आणि जमनाबाईच्या पानाआधी, असं वडिलांच्या काळापासून ठरलेलं. नोकरीसाठी ते तांड्याबाहेर पडले; आधी नरसीकडच्या शाळेत, मग औंढ्याजवळ, शेवटी हिंगोलीत घर बांधलं. पण तांड्यातल्या दोन खोल्या त्यांनी विकल्या नाहीत आणि पान सोडलं नाही. दिवाळीला यायचं, होळीला यायचं, चूल पेटवायची. एरवी किल्ली पेमाकडे. हिंगोलीच्या कॉलनीत लोक त्यांना तांड्यावरचे गुरुजी म्हणत आणि तांड्यात हिंगोलीचे गुरुजी. आपण नक्की कुठले, याचा एकच पुरावा त्यांच्यापाशी होता आणि तो वर्षातून एकदा पळसाच्या पानावर मिळत होता. मटण काय, हिंगोलीत हवं तेव्हा मिळतं. पान मिळत नाही.

"मोठे बाबा, खाली काहून बसले?" पेमाचा पोरगा संतोष धावत आला. त्याच्या डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची होती. "घ्या, खुर्चीवर बसा. कपडे खराब होतील."

"अरे राहू दे. सगळे खालीच आहेत."

"ते खालीच बसतेत. तुमचं येगळं."

गुरुजी खुर्चीवर बसले. पाठ टेकली तेव्हा बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलायचं? चहा आला. बाकीच्यांना कागदी कपात, गुरुजींना कपबशीत. लिंबाखालचे म्हातारे आपसांत गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत होते. गुरुजींनी मान वळवली की बोलणं वाटेत मराठीवर यायचं. "या गुरुजी, बरं हाय नं? पाऊसपानी काय म्हनते हिंगोलीकडं?" हिंगोलीचं पाऊसपाणी तिथून काही वेगळं नव्हतं. आपल्या शिक्षकीची ही लोक एवढी कदर करतात, आपल्याशी आवर्जून शुद्ध बोलायला बघतात, याचं गुरुजींना कैक वर्षं समाधान वाटत आलं होतं. बँकेतला साहेब आला तरी तांडा त्याच्याशी असाच बोलतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण लक्षात आलेल्या सगळ्याच गोष्टींकडे माणूस बघतो कुठे?

नाईक लालसिंग देवीला नैवेद्य दाखवून आला. उंच, मिशा राखलेला, पायात बूट. त्याचा बाप गेल्यावर नायकी त्याच्याकडे आली होती. तो गुरुजींचा विद्यार्थी. गुरुजी अगदी सुरुवातीला तांड्याच्याच शाळेवर होते तेव्हाचा.

प्रकार आणि भाग हा गुरुजींचा हातखंडा धडा होता. पुस्तकात तो अर्ध्या पानाचा. गुरुजी त्याला आठवडा लावत. दोन सवाल विचारायचे, बस. गाय म्हणजे जनावर असं म्हणता येतं का? येतं. मग गाय जनावराचा प्रकार. शेपूट म्हणजे गाय असं म्हणता येतं का? नाही येत. मग दुसरा सवाल : गाईला शेपूट असतं का? असतं. मग शेपूट गाईचा भाग. "दोन सवालांत सगळं जग मार्गी लागतं," ते सांगत. गुलाब म्हणजे फूल. पाकळी म्हणजे फूल नाही, फुलाला पाकळी. बैलगाडी म्हणजे वाहन; चाक म्हणजे बैलगाडी नाही. आणि शेवटी फळ्यावर खडू आपटून : "प्रकार एखादा नसला तरी चालतं. बाजारात सीताफळ नाही म्हणून फळं संपत नाहीत. पण भाग काढून बघा! चाक काढा आणि हाका बरं गाडी!"

तेव्हा चौथीतला लालसिंग उठून उभा राहिला होता. "गुरुजी, नख बोटाचा भाग हाय."

"शाब्बास."

"बोट हाताचा भाग. हात माह्या अंगाचा. मी तांड्याचा. मंग माह्यं नख तांड्याचा भाग हाय का?"

वर्ग खो खो हसला. गुरुजींनी लालसिंगचा कान पिळून, "आणि हा कशाचा भाग आहे?" असं विचारून वेळ मारून नेली. पण उत्तर त्यांना तेव्हा आलं नव्हतं. नंतरही कधी आलं नाही, आणि लालसिंगने परत विचारलं नाही.

आता लालसिंगच्या हातात पळसाच्या पानांची चळत होती आणि तो ओळीने पानं मांडत चालला होता. ठेवताना तोंडातल्या तोंडात नाव घ्यायचा. बोकड तोवर प्रकारातून गेला होता. जाणती माणसं खाली मान घालून वाटे पाडत होती, सगळ्या भागांतलं थोडं थोडं प्रत्येक वाट्यात, कोणी कोणाला बोलू नये असं. गुरुजी खुर्चीत पुढे सरकून बघत होते. दरवर्षी या क्षणाला त्यांना थोडं धाकधुकल्यासारखं व्हायचं. निकाल लागण्याआधी मुलांना होतं तसं.

"अमृतरावचं," लालसिंग पुटपुटला. पान. "पेमाकाकाचं." पान. "जमनाबाईचं."

पान.

गुरुजींनी आधी चष्मा पुसला. मग पुन्हा पाहिलं. पेमाचं पान आणि जमनाबाईचं पान यांच्यात जेमतेम वीतभर जमीन होती आणि तिच्यावरून एक मुंगळा चालला होता.

"लालसिंग," गुरुजी म्हणाले, "एक पान राहिलं."

"कोनाचं, गुरुजी?"

"माझं."

लालसिंगने पेमाकडे पाहिलं. पेमा तळहातावर तंबाखू चोळत होता. तंबाखू केव्हाच मळून झाली होती, पण तो चोळतच राहिला.

"गुरुजी, तुमी जेवून घ्या आधी," लालसिंग अगदी मवाळपणे म्हणाला. "पाव्हन्याचं ताट काढलंच हाय."

"पाव्हणा कोण?"

ओळीत बसलेले सगळे अचानक आपापल्या पानाकडे निरखून बघायला लागले, जणू पळसाचं पान ते जन्मात पहिल्यांदा बघत होते.

"पाव्हणा कोण, लालसिंग? या तांड्यात जन्मलो मी. या लिंबाखाली माझं जावळ काढलंय."

"जलमले तर खरं. त्याला कोन न्हाई म्हनते?" लालसिंगने उरलेली पानं बगलेत धरली. "पन पान जलमाचं नसते, चुलीचं असते. तुमीच शिकवले नं दोन सवाल? देविदास गुरुजी गोरमाटी हायेत का? हायेत. पक्के हायेत. तांड्याला देविदास गुरुजीची चूल हाय का?"

"आहे की! माझ्या घरात आहे. पेमाकडे किल्ली आहे. पेमा, सांग याला."

पेमाने तंबाखू तोंडात टाकली, म्हणजे निदान काही वेळ तरी बोलता येणार नव्हतं. मग ती गालात सरकवून तो म्हणाला, "दादा, जेवून घ्या हो. थंड होऊन राह्यलं."

दादा. तांड्यात थोरल्या भावाला भिया म्हणतात. पेमाने आयुष्यात त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. गुरुजींना पान नसल्याचं आश्चर्य वाटलं होतं. 'दादा' ऐकून पहिल्यांदा भीती वाटली.

ते खुर्चीवरून उठले आणि घराकडे चालू लागले. मागून संतोषचा आवाज आला, "मोठे बाबा, ऊन हाय. मी येऊ का संगं?" आणि मग पेमाचा, गोरमाटीत, दबका : जाऊ नको.

घराच्या दाराला कुलूप नव्हतं. दार सताड उघडं होतं आणि दारावर पत्र्याची पाटी होती : संगिता लेडीज टेलर. फॉल-पिको करून मिळेल. पाटी नवी नव्हती. तिच्या एका कोपऱ्याला गंज धरायला लागला होता, म्हणजे तिने मृगाचा पाऊस तरी खाल्ला होता. दिवाळीत? दिवाळीत ही पाटी नव्हती. की काढून ठेवली होती?

आत जिवनबाई दोन्ही हात आडवे पसरून उभ्या होत्या आणि संगिता त्यांच्या अंगाभोवती टेप लावून ब्लाउजचं माप घेत होती.

"बाही जरा लांब धर," जिवनबाई सांगत होत्या. तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. हात तसेच पसरलेले राहिले.

गुरुजींनी खोलीचा तो कोपरा पाहिला. त्यांच्या आईने लिंपून घातलेली दोन तोंडांची चूल तिथे होती. आता तिथे शिवणयंत्र होतं. खाली चार फरशा बसवल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र. भिंतीला निळसर रंग दिला होता, पण जुन्या काजळीचा डाग रंगातून वर येऊन राहिला होता. चुलीच्याच आकाराचा, फिकट, हट्टी.

"चूल कुठंय?" गुरुजींनी विचारलं.

संगिताने टेप गळ्यात टाकला, पदर सारखा केला आणि "मी पानी आनते," म्हणून ती मागच्या दाराने गेली. पाणी पुढच्या खोलीतल्या माठात होतं.

"मी काय विचारतोय? चूल कुठंय?"

"काढली," जिवनबाई म्हणाल्या आणि हात खाली घेतले.

"कोणी? पेमानं? मला न विचारता? भाऊ म्हणून किल्ली दिली त्याच्याकडे, आणि त्यानं—"

"पेमाभावजींचं नाव काहून घेता? ते तर न्हाईच म्हनत होते. भियाला सांगा, मंगच हात लावतो म्हने. म्याच म्हनलं, काढा."

बाहेर एक कोंबडी ओरडली. गुरुजी शिवणयंत्राच्या स्टुलावर बसले. स्टूल ठेंगणं होतं. त्यांचे गुडघे छातीपाशी आले.

"तू?"

"व्हय. मी."

"माझी चूल?"

"तुमची?" जिवनबाई हसल्या नाहीत, पण हसण्याच्या फार जवळ आल्या. "कधी फुकनी धरली का हातात? दिवाळीला यायचं, होळीला यायचं. तुमी आल्या आल्या लिंबाखाली. मी हितं, धुरात. वर्सभर बंद राह्यलेली चूल पेटते का लवकर? ओली लाकडं, वर पत्रा. रडू रडू भाकरी थापायच्या अन् तुमी बाहेर सांगायचं, आमची चूल पेटली बरं का. आमची! डोळ्याचं आपरेशन झालं तवा डाक्टर काय म्हनला? तुमी हुते नं संगं?"

"धूर टाळा म्हणाला."

"मंग? तुमी काय म्हनले घरी येऊन?"

गुरुजींना आठवलं. ते म्हणाले होते, वर्षातून दोनदा काय धूर लागतो!

"या लेकराचं मशीन दारात पडून हुतं, पावसात," जिवनबाई म्हणाल्या. "हितं चार पैसे कमवून राहिली ती. जागा रिकामी हुती, दिली."

"रिकामी नव्हती. चूल होती."

"तेच की वो."

"दिवाळीत पेटवली होतीस तू. मी पाहिलं."

"ती शेवटची. होळीला तुमाला ताप हुता, आपुन आलोच न्हाई. मंग म्हनलं, ह्येच बरं हाय."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं अस्तं तर तुमी धडा शिकवला अस्ता. चाक काढलं तर गाडी चालत न्हाई. मला पाठ हाय तो."

"तांड्याला माहीत आहे हे?"

"सगळ्याला ठाव हाय. ब्लाउज शिवायला समद्या बाया हितंच येतेत. तुमालाच सांगायचं राह्यलं." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "लालसिंग म्हनला हुता, गुरुजीला खुर्ची टाकू, मानपान करू, त्यांला कळायचं बी न्हाई."

गुरुजींना लाल खुर्ची आठवली. पाठ टेकल्यावर बरं वाटलं होतं तेही आठवलं. भावाने, पुतण्याने, विद्यार्थ्याने आणि बायकोने मिळून त्यांना मानाने उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवलं होतं, आणि त्यांनी वर कपबशीतला चहा प्यायला होता. कोणी शिवी दिली असती तर निदान तिथे भांडण करता आलं असतं. एवढ्या आदरावर कोणाची गचांडी धरायची?

ते उठले. भिंतीवरच्या डागावर त्यांनी उगाच हात फिरवला. बोटाला काही लागलं नाही; रंग पक्का होता.

"कुठं चालले?" जिवनबाईंनी विचारलं.

गुरुजी तोवर दाराबाहेर पडले होते.

लिंबाखाली वाटे पानांवर पडत होते. लालसिंग टोपलीतला एक एक वाटा उचलून ठेवत ओळीच्या पहिल्या टोकाला होता. उरलेली पानं दगडाखाली दाबून ठेवली होती. गुरुजींनी त्यातलं एक काढलं. लाल खुर्चीच्या बाजूने गेले, पण खुर्चीकडे पाहिलं नाही. पेमाचं पान आणि जमनाबाईचं पान यांच्यामधल्या वीतभर जमिनीवर त्यांनी ते ठेवलं आणि त्याच्यामागे खाली बसले. बसताना गुडघा असा वाजला की दोघातिघांनी वळून पाहिलं.

जमनाबाई म्हातारी. तिला कमी दिसायचं, पण बोलायला दिसावं लागत नाही. "कोन, देविदास? ये, ये. पाठ टेकायला हितं काही न्हाई हां, आधीच सांगते."

"चालेल, जमनाबाई."

"सरक जरा. माह्या पानावर सावली पडून राहिली तुही."

गुरुजी सरकले. आता लालसिंग जवळ येत होता. गुरुजींनी मनात वाक्य तयार केलं. आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून कमावलेलं होतं नव्हतं ते सगळं त्या वाक्यात होतं : तांडा हा चुलींचा ढीग नसतो, लालसिंग, सीताफळ नसलं तरी फळं राहतात, पण चाक काढलेल्या गाडीला गाडी म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. वाक्य चांगलं होतं. गुरुजींनी ओळीकडे पाहिलं. पानं भरत होती. पोरं पळत होती. बायका सळोईसाठी, रक्ताच्या कालवणासाठी, भांडी घासून तयार होत्या. कोणीतरी कोणाच्या तरी वाट्यात नळी जास्त गेली म्हणून हसत होतं. गाडी झकास चालली होती. सकाळपासून एका चाकाशिवाय, नव्हे, होळीपासून. आणि गाडीला पत्ताही नव्हता. गाडीचं चाक वेगळं आणि गाडीला बांधलेली घुंगरमाळ वेगळी. दोन्ही गाडीचेच भाग. हे धड्यात घ्यायचं राहून गेलं होतं.

लालसिंग पेमाच्या पानावर वाटा ठेवून पुढे आला आणि थांबला. टोपली त्याच्या कमरेला टेकलेली. ओळीतलं बोलणं विझत विझत टोकापर्यंत गेलं.

"गुरुजी," तो हळू म्हणाला, "वाटे चुलीवारी पडून गेले. टोपलीत मोजूकच हायेत. आता कोनाच्या पानातलं काढू, तुमीच सांगा."

गुरुजींनी तोंड उघडलं. वाक्य आलं नाही. त्याऐवजी त्यांना चौथीतला लालसिंग दिसला आणि त्याचं नख. उत्तर तसं सोपं होतं. नख बोटाचा भाग असतं, वाढतं तोवर. कापलं की तेही नखच असतं. फक्त कोणाचं, ते सांगता येत नाही. आणि कापताना बोटाला काही होत नाही.

"कोणाच्या नको," गुरुजी म्हणाले. "पुढे हो तू."

लालसिंग पुढे झाला नाही. त्याला पुढे होता येईना. नाईक असून तो तसाच कान पिळल्यासारखा उभा राहिला.

मग पेमाने तोंडातली तंबाखू बाजूला थुंकली. धोतराला हात पुसले. आपल्या पानावरचा वाटा त्याने दोन्ही हातांनी मधोमध केला. काळजाचा तुकडा एकच होता, त्याचेही सुरीने दोन केले. एक भाग उचलून गुरुजींच्या पानावर ठेवला. मोठा की छोटा हे त्याने पाहिलं नाही. मोठाच होता.

"भिया," पेमा म्हणाला.

ओळीत पुन्हा हळूहळू बोलणं सुरू झालं, या वेळी गोरमाटीत, आणि गुरुजींनी मान वळवली तरी ते बदललं नाही. लालसिंगने टोपली सावरली आणि जमनाबाईच्या पानावर वाटा ठेवला. गुरुजी आपल्या पानाकडे बघत बसले. पान होतं. पानावर वाटा होता, अर्धा. पेमाच्या चुलीचा भाग. कच्चा होता, म्हणजे पाव्हण्याचा नव्हता. आणि शिजवायला तांड्यात जागा नव्हती.

मागून जिवनबाई येताना दिसल्या, नव्या ब्लाउजचं माप देऊन मोकळ्या झालेल्या. त्यांनी पानाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या लांबच थांबल्या. पळसाच्या पानातून रक्ताचं एक पातळ पाणी गुरुजींच्या पँटीकडे सरकत येत होतं. परतीची एसटी नाक्यावर किती वाजता येते, ते सगळ्यांना माहीत होतं.

गुरुजींनी घसा खाकरला. बऱ्याच वर्षांनी ते त्या लिंबाखाली तांड्याच्या बोलीत बोलले. शब्द जरा अडखळले, पण पेमाला कळले. मराठीत ते एवढंच होतं :

"पेमा, एखादी पिशवी असंल तर बघ रे. गाडीत गळतं."